डाव्या हाताचा पियानो

आज घोडबंदर रोडवर नेहमीचंच ट्रॅफिक. बसमध्ये कानात लिऑन फ्लायशर लावला. अमेरिकन पियानोवादक. ऐन उमेदीत, 1964 च्या सुमारास, उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली. फोकल डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याचा विकार. मग बाबा शिकवत राहिला, कंडक्टर झाला (वाद्यवृंदाचा, बसमधला नव्हे!) आणि फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिला. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पॉल विटगेनस्टाइनसाठी फ्रेंच संगीतकार राव्हेलने लिहिलेला कॉन्सर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) त्यातलाच. एकच हात वाजवतोय हे खरंच पटत नाही. तीसेक वर्षांनी बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी बोटं सैलावली, तेव्हा पुन्हा दोन्ही हात पियानोवर!

जेवणं झाल्यावर हा कॉन्सर्टो जरूर ऐका. सुरुवात अगदी खर्जात, जेमतेम ऐकू येते. म्हणून आवाज वाढवू नका, पुढे दचकाल.