तुम्ही विचारलंत म्हणून: ते रंग खरे असतात का?

फोटो दाखवला की आधी "वा!" होतं आणि मग हळूच प्रश्न येतो, "हे रंग खरे की फोटोशॉपचे?" फोटो मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगाचा. यादीतलं त्याचं नाव एम-४२. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे ओळखता येत असतील तर त्यांच्या जरा खाली नुसत्या डोळ्यांनाही तो पुसट ठिपका दिसतो.

मुरबाडकडे ज्यांच्या खळ्यावर आम्ही दुर्बिणी मांडतो, ते काका जानेवारीतल्या एका अमावस्येला जेवून थेट ट्यूबलाइटखालून आले आणि सहा इंची दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "साहेब, काच पुसा. वाफ धरलीय."

काच स्वच्छ होती. वाफ म्हणजेच तेजोमेघ.

अंधुक उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. त्यात हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल त्यांना जवळपास दिसतच नाही. ऑक्सिजनचा ५०१ च्या आसपासचा हिरवट प्रकाश मात्र नेमका त्यांच्या आवडीचा, म्हणून मोठ्या दुर्बिणीतून काहींना हिरवी झाक जाणवते. शिवाय डोळ्याला उजेड साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो. हेन्री ड्रेपरनं १८८० मध्ये याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तेव्हा फोटोची काच पन्नासेक मिनिटं उघडी ठेवली होती.

मी एकेक मिनिटाचे ८१ फोटो घेतो. तेवढ्या एका मिनिटात आकाश अर्ध्या चंद्राएवढं सरकतं, म्हणून दुर्बीण मोटरवर फिरवावी लागते. मोटरचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, आणि आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर, बरेचदा डोंगराआड नाहीतर धुरकटात. निम्मी रात्र तिथेच जाते. मग घरी येऊन ८१ फोटो एकावर एक रचले की रवाळपणा नऊपट कमी होतो. मधले चार तारे एका मिनिटात जळून पांढरे होतात, त्यांच्यासाठी पाच-पाच सेकंदांचे वेगळे.

रचलेला फोटोही उघडल्यावर काळाच दिसतो. त्यातला मंद भाग वर ओढायचा, म्हणजे उजळायचा, आणि किती ओढायचा ते मी ठरवतो. माझ्या पहिल्या फोटोत एम-४२ चा काला खट्टा झाला होता. लाइक्स भरपूर मिळाले, आता तो कुणाला दाखवत नाही. म्हणजे गुलाबी खरा हायड्रोजनचा, निळा बराचसा धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा उजेड, पण गडदपणा माझा. हबल अवकाश दुर्बिणीनं १९९५ मध्ये टिपलेल्या, गरुड तेजोमेघातल्या वायू-धुळीच्या त्या प्रसिद्ध खांबांचं वेगळं. तिथे गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा असे रंग वाटून दिलेत. तो फोटो खोटा नाही, नकाशासारखा आहे. डोळ्याला तसं कुठूनच दिसणार नाही.

काकांचं सांगायचं राहिलं. ते कांबळं घेऊन अंधारातच बसले, मोबाईलही काढला नाही. अर्ध्या तासानं, डोळे अंधाराला सरावल्यावर, म्हटलं, "काका, आता पुन्हा बघा. पण सरळ नको, जरा बाजूला बघत." ते वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"पंख आहेत की याला!"

पहाटे त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो दाखवला, कॅमेऱ्यानं आपणच उजळलेला, गुलाबी. त्यांनी मान डोलावली, कौतुकही केलं. मग विचारलं, "हा रंग तुम्ही टाकलात?"

"नाही काका, यात अजून मी हातही घातलेला नाही."

"बरं," म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. दारातून वळून विचारलं, "ती दुसरी दुर्बीण अजून लावलेली आहे ना?" तोवर मृग डोंगरामागे गेला होता.