कसर

जाकीट परत आलं ते प्लास्टिकच्या पिशवीत, वर घट्ट गाठ मारून. बाई रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "डाव्या कफाला भोकं पडलीत. माझ्याच कपाटात कसर असणार, पण म्हटलं तुम्हाला दाखवावं."

जुन्या लोकरी स्वेटरांची जाकिटं करायला आम्ही दोघी मैत्रिणींनी सुरुवात केली, तेव्हा शिवण हाच कठीण भाग असेल असं वाटलं होतं. निम्मा वेळ जातो तो स्वेटर ओळखण्यात. लेबलावर माझा काडीचा विश्वास नाही. शिवणीच्या आतून एक धागा काढायचा नि चिमट्यात धरून जाळायचा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक, मग तो कितीही मऊ लागू दे. लोक स्वेटर देतात तेही असे, की काखेतला घाम आणि खिशातला रुमाल आमच्या वाट्याला. आणि तेच लोक जाकीट हातात घेऊन म्हणतात, "जुन्याचंच ना, मग एवढी किंमत?" एका जाकिटाला चार-पाच स्वेटर लागतात, आणि ते उसवायला एक अख्खी दुपार.

पण कापड जमतं तेव्हा मात्र मजा येते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ६० अंशांच्या पाण्यात, साबणात, स्वेटर मशीनमध्ये घुसळला की ते एकमेकांत अडकतात. स्वेटर आकसतो, वीण दिसेनाशी होते, नमद्यासारखं जाड कापड हाती येतं. कुठेही कात्री चालवा, टाका ओघळत नाही. खवल्यांवर आधीच प्रक्रिया केलेली, मशीनमध्ये धुता येणारी लोकर मात्र हटून बसते. तीनदा घुसळली तरी ढिली ती ढिलीच.

असं घट्ट झालेलं कापड ताणलं जात नाही. म्हणून गळा आणि कफ आम्ही न आटवलेल्या स्वेटरच्या उलट-सुलट बॉर्डरचे लावतो. म्हणजे जाकिटाचं अंग गरम पाण्यातून गेलेलं असतं, तिथे कसरीची अंडी वाचत नाहीत. बॉर्डर गरम पाणी बघतच नाही. तिचा भरवसा फक्त फ्रीझरवर. घरगुती फ्रीझर उणे १८ अंशांचा. त्यात दोन आठवडे, हा आमचा नियम. माझाच, भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेला.

मी कफ दिव्याखाली उलटा केला. घडीत, टाक्यांच्या मधल्या खाचेत, तांदळाच्या दाण्याएवढी नळी अडकली होती. कसरीच्या एका जातीची अळी रेशीम आणि लोकरीचे तंतू गुंफून स्वतःपुरतं घर विणते नि ते अंगावर घेऊन हिंडते. वाढेल तशी दोन्ही टोकांना भर घालते, त्यामुळे मधला भाग सगळ्यात जुना. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने अठराव्या शतकात अशा अळ्या एका रंगाच्या कापडावरून दुसऱ्यावर सोडून रंगीत पट्ट्यांची घरं करून घेतली होती. हे मी वाचलं तेव्हा कौतुक वाटलं होतं.

माझ्या सुईच्या टोकावरच्या घराची दोन्ही टोकं मरून रंगाची होती. कफ मरूनच. मधे मोहरीसारखा पिवळा पट्टा.

मी बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी पिवळं लोकरी काही आहे का हो?"

त्या हसल्या. "पिवळा मला मेला कधी शोभलाच नाही."

माझ्याकडे होता. पिवळा बटणांचा स्वेटर आणि तो मरून, दोन्ही एकाच पिशवीत फ्रीझरमध्ये गेले होते, पिशवी ठासून भरलेली. मैत्रीण म्हणाली ऑर्डर अडलीय, मी म्हटलं सहा दिवस झालेत, पुरे. मरून धुऊनच आला होता, साबणाचा छान वास येत होता, म्हणून परत धुतलाही नाही. नुसती वाफ देऊन कापला. एवढं थांबले असते तर ती अळी मेली असती का? भरगच्च पिशवीच्या पोटात थंडी पोचायला वेळ लागतो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या मरूनच्या बॉर्डरी आणखी दोन जाकिटांना लागल्यात. त्या दोघींना मी कळवलं, जाकिटं परत मागवली. मैत्रिणीला ते आवडलं नाही. तिचं म्हणणं, असं सांगत सुटलो तर जुन्याला हात कोण लावेल? धंद्याच्या हिशेबाने तिचं चूक नाही, म्हणूनच चीड येते.

या बाईंना नवे कफ लावून दिले, पैसेही परत केले. त्या नको म्हणत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला: रविवारभर बसून अख्खं कपाट रिकामं केलं, सगळ्या शाली उन्हात घातल्या, एक जुनी तर टाकूनच दिली. "माझ्यामुळे तुम्हाला उगीच भुर्दंड," म्हणाल्या.

मी म्हटलं, "उन्हात घातलंत ते बरं केलंत."

ती नळी काचेच्या बाटलीत टेबलावर आहे. फोन अजून केलेला नाही.