'मस्ट' म्हणतोस, खूण काय?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मैदान, स्नेहसंमेलन आणि गेटबाहेरचा वडापाव यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी लिहिणार आहे नववीच्या इंग्रजीच्या बाईंबद्दल. त्यांनी आम्हाला अंदाज करायला शिकवलं.

बाई खिडकीपाशी उभ्या राहून समोरच्या चाळीतलं एक दार दाखवायच्या. दार बंद, आत दिवा, कुकरच्या शिट्ट्या. "घरात कोणी आहे?" आम्ही एका सुरात "येस!" "डोळ्यांनी पाहिलंत?" "नाही बाई." "मग 'दे मस्ट बी ॲट होम'. दिसलं नाही, पण खुणा पक्क्या आहेत." नुसताच दिवा असता, तर 'मे बी', दिवा चालू ठेवून माणसं बाजारात जातातच. बाहेरून कुलूप असतं, तर 'कान्ट बी'. एकाने हुशारी करून 'मस्टन्ट बी' म्हटलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांना घरात राहायची मनाई! मालकाची नोटीस आली वाटतं."

'माइट' म्हणजे 'मे'पेक्षा कमी खात्री, असं तेव्हा पाठ केलं. बोलण्यात हा फरक आता फारसा उरलेला नाही. पण येऊरच्या डोंगराकडून काळोखून आलेलं असताना, भर जुलैत, 'इट माइट रेन' म्हणणाऱ्याला बाई विचारत, "तू ठाण्याचाच ना रे?"

'प्रॉबेब्ली'ची जागा मात्र घोकूनच बसली: 'ही विल प्रॉबेब्ली कम', पण नकार आला की 'ही प्रॉबेब्ली वोन्ट कम'. 'मेबी' वाक्याच्या तोंडाशी. रुक्ष काम, पण कायमचं झालं.

आज मी रबाळ्याच्या एमआयडीसीत पंप दुरुस्तीचे अहवाल तपासतो. ते परदेशी ग्राहकांकडे जातात. बेअरिंगचं तेल दुधासारखं पांढरट निघालं, तर पाणी शिरलंच असणार. तिथे 'वॉटर मस्ट हॅव एंटर्ड' बिनधास्त लिहावं. सीलमधून शिरलं की कूलरमधून, हे उघडून पाहीपर्यंत 'मे हॅव'. इथे घाईने 'मस्ट' लिहिलं की ग्राहक लगेच फोटो मागतो, आणि मागावाच. नवी मुलं उलट करतात. अंगाशी यायला नको म्हणून पांढरट तेलालाही 'मे' लावतात. परवा एकाने सीलबद्दल 'मे पॉसिब्ली परहॅप्स' असं तिहेरी लिहून आणलं. मी दोन शब्द खोडले, 'मे' ठेवला आणि त्याला सील उघडायला पाठवलं.