स्ट्रोबची खोटी साक्ष

"स्पीड चोख आहे, तो मी तपासलाय. तेवढं पुतणीचं समाधान करा," असं म्हणून सहकारनगरच्या एका काकांनी टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) माझ्या टेबलावर ठेवला. मशीन मुलाने न्यू जर्सीहून आणलेलं, बेल्ट ड्राइव्ह, आत एसी सिंक्रोनस मोटर. सोबत विटेएवढा जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पुतणी गाणं शिकते. तिने गंगूबाई हनगलांच्या एलपीवर हार्मोनियम धरून सांगितलं, "काका, बाई इतक्या खाली गात नाहीत." काकांचा युक्तिवाद तयार होता: गंगूबाईंचा आवाज भारदस्त, पुरुषी, हे सगळ्या जगाला माहीत आहे. रेकॉर्ड त्यांनी निवृत्तीनंतर जुन्या बाजारातून घेतलेल्या, आधी कधी ऐकलेल्या नाहीत. शंका यायची कुठून?

वर पुरावाही होता. मुलाने ईमेलने पाठवलेली, कागदावर छापलेली स्ट्रोब डिस्क, म्हणजे रेषा आखलेली चकती: लुकलुकत्या दिव्याखाली फिरताना रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. घरच्या चोकवाल्या जुन्या ट्यूबखाली तिच्या रेषा खिळल्यासारख्या उभ्या राहत होत्या.

मी स्ट्रोबच्या आधी मोजतो. प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या) कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवायची, सुई रेकॉर्डवर ठेवायची (सुईची ओढ धरूनच वेग बघायचा असतो) आणि घड्याळ लावायचं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचं मशीन तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे मारतं. याला ना वीज फसवते, ना ॲप. इथे फेरे भरले ८३ आणि थोडे.

आता गंमत बघा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला हातही लावत नाही. विकणारा मात्र "सगळं चालतं" म्हणून गळ्यात मारतो. सिंक्रोनस मोटर फ्रिक्वेन्सीच्या मागे चालते, म्हणजे वेग पाच षष्ठांश: मिनिटाला २७.८ फेरे. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते आणि सूर हार्मोनियमच्या तीन पट्ट्यांहून जरा जास्तच उतरतो. काळी दोनचं गाणं पांढरी एकच्याही किंचित खाली.

मग रेषा उभ्या कशा? ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ३३⅓साठी त्या उजेडात १८० रेषांची डिस्क लागते. मुलाने पाठवलेली अमेरिकन, ६० हर्ट्झसाठीची, २१६ रेषांची. आपली ट्यूब मिनिटाला सहा हजार वेळा लुकलुकते, त्याला २१६ने भागा: २७.८. चोर आणि साक्षीदार एकाच गावचे! आधीच्या एका मेकॅनिकने हाच कागद बघून वेग ठीक ठरवला होता आणि नवा बेल्ट घालून पैसे घेतले होते. रेषा मोजायला कोणाच्या बापाचं काय जातं?

उपाय पुलीचा, म्हणजे मोटरच्या ज्या चाकावरून बेल्ट फिरतो त्याचा. काका म्हणाले, ४५ फेऱ्यांच्या वेगावर टाकून ऐकू का? त्यावर साडेसदतीस मिळतात, म्हणजे बाई उलट घाईत. नवी पुलीच वळवायला हवी, आणि इथे लोक चुकतात. १० मिमीची पुली १.२ पट म्हणून १२ची करतात. बेल्टची जाडीही हिशोबात असते. बेल्ट ०.८चा असेल तर १०.८ला १.२ने गुणायचं, मग ०.८ वजा: १२.१६. ते न धरता केलेली पुली सव्वा टक्का हळू फिरते आणि मग सगळे मोटरला शिव्या देतात. शिवाय पुलीचं पोट किंचित फुगीर ठेवावं लागतं, नाहीतर बेल्ट चढत-उतरत राहतो. माझा लेथवाला तो फुगवटा नखाने तपासतो. असा माणूस मिळणं हेच अर्धं काम. मोटरचा फेज कपॅसिटरही ५० हर्ट्झच्या हिशोबाने बदलला. चिठ्ठी लावून मोजलं: शंभर. मग १८०ची डिस्क निऑन दिव्याखाली ठेवून दाखवली. माझ्या दुकानातल्या एलईडीखाली तर रेषा दिसतच नाहीत.

काका आणि पुतणी दोघं आले. पुतणीने हार्मोनियम आणलाच होता, तिचा चेहरा खुलला. काका एक बाजू संपेपर्यंत गप्प. मग म्हणाले, "अहो, ही कोण दुसरीच बाई गातेय. आलापात श्वासच घेत नाही." मी त्यांना हिशोब परत समजावला. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते जे ऐकत होते ते गंगूबाईंनी कधी गायलंच नव्हतं, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? आकडे माझ्या बाजूचे होते. पण त्यांना त्या संथ चालीत जे सापडलं होतं ते माझ्या आकड्यांत बसत नाही, आणि ते खोटं होतं असं म्हणायला अजूनही माझी जीभ रेटत नाही.

जाताना त्यांनी जुनी पुली मागितली. वर पुली धरून ठेवणारा ग्रब स्क्रू कोणत्या चावीने सुटतो तेही विचारलं. पुतणी "काका!" म्हणून ओरडली. मी पुली पुडीत बांधून दिली आणि ॲलन-कीसुद्धा. नव्या पुलीचे पैसे घेतले, चावीचे नाही.