पेन्सिल कोणाच्या हातात?

बुधवार, रात्री

आज सातवीच्या वर्गात अपूर्णांकांच्या बेरजेचा तास होता. बरेच दिवस मनात घोळत असलेली एक शंका त्या तासाने थेट डोळ्यांसमोर आणून ठेवली, म्हणून झोपण्यापूर्वी ती लिहून ठेवते आहे.

वर्गात गणिताची विलक्षण जाण असलेला एक मुलगा आहे. नेमून दिलेली उदाहरणे तो इतरांच्या निम्म्या वेळात संपवतो, आणि उरलेल्या वेळात त्याने काय करावे याला मी वर्षभर एकच उत्तर देत आले: "झालं तुझं? मग शेजारच्याला जरा समजावून सांग." त्यामुळे त्याला काम मिळते, शेजाऱ्याला मदत होते आणि मला वर्गाच्या दुसऱ्या टोकाला लक्ष देता येते, अशी माझी समजूत होती. आज प्रथमच मी तिकडे न जाता त्या दोघांच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

उदाहरण साधेच होते: १/२ + १/३. शेजाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहिले होते. "असं नसतं, आधी छेद समान करायचे," असे म्हणत या मुलाने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, ३/६ + २/६ = ५/६ असे भराभर मांडले आणि वही परत सरकवली. शेजाऱ्याने मान डोलावली. पुढचे उदाहरण १/४ + १/३ असे होते, आणि त्याचे उत्तर त्याने शांतपणे २/७ लिहिले.

यात त्या मुलाचा काडीचाही दोष नाही. एखादी गोष्ट आपल्याला उमगली की ती न उमगणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणे मोठ्यांनाही जमत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला प्रयोग मला आठवला. त्यात काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा होता आणि समोरच्याने गाणे ओळखायचे होते. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असे वाजवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात चाल सुरू असते, ऐकणाऱ्याच्या कानी मात्र नुसती टकटक पडते. आज त्या बाकावर तेच घडत होते.

मी पेन्सिल शेजाऱ्याच्या हातात परत दिली आणि या मुलाला म्हटले, "आता तू काही सांगायचं नाहीस, फक्त विचारायचंस." तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?" शेजाऱ्याने कागदाची पट्टी घेतली, मोजून पाच भाग आखले, दोन रंगवले आणि थबकला. "लहान. पण अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलंय ना आपण?" आणि लगेच त्याने उलट विचारले, "मग छेद समानच का करायचे?" आता थबकण्याची पाळी या मुलाची होती. "मला येतं, पण सांगता येत नाही," असे तो म्हणाला. थोड्या वेळाने, पट्टीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तुकडे सारखे नसतील तर मोजायचं काय?" हे त्यालाही आजच कळले, हे त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिले.

शिकवणाऱ्या मुलालाही लाभ होतो, हे कोहेन आणि कुलिक पतिपत्नी या तीन शिक्षण-संशोधकांनी १९८२ मध्ये ६५ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दाखवले होते. ते मी आजवर स्वतःच्या समाधानासाठी वापरत आले. पण मुलांकडून मुलांना शिकवून घेण्याच्या पद्धतीला दुसराही इतिहास आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात आणि पुढे जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये ती रुजवली, आणि तिचे मोठे आकर्षण हेच होते की एका शिक्षकाच्या खर्चात शेकडो मुले शिकत. माझ्या "शेजारच्याला समजाव" यात मुलाचे हित किती आणि माझी सोय किती, हे मला आज नीट सांगता येत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "बाई, आजचं आवडलं. पण मला नवीन कधी मिळणार?"

वर्षभरात हा प्रश्न मला स्वतःला पडायला हवा होता. आठवड्यातून एकच दिवस, वीस मिनिटे, ज्याची इच्छा असेल त्यानेच समजवायचे; पेन्सिल शिकणाऱ्याच्याच हातात राहील, आणि शेवटी शिकणाऱ्याने तेच समजवणाऱ्याला शिकवून दाखवायचे, असे मी ठरवले आहे. उरलेले दिवस त्याचे स्वतःचे.

उद्यासाठी एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे. आजचे ५/६ हे १/२ आणि १/३ यांची बेरीज होते. प्राचीन इजिप्तमधले लेखनिक बहुतेक अपूर्णांक असेच, अंश १ असलेल्या निरनिराळ्या अपूर्णांकांच्या बेरजेत मांडत. ४/५ असे तीन तुकड्यांत मांडता येईल का, आणि कोणताही अपूर्णांक असा मांडता येईल का, एवढेच चिठ्ठीत विचारले आहे. ते कोणाला समजावून सांगण्याची अट घातलेली नाही.