खिडकीजवळचं टेबल : बदलापुरात बार शोधतानाचा माझा अनुभव

"या वेळी मी येतो तुमच्याकडे. जागा तुम्ही ठरवा," तो फोनवर म्हणाला. मी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पुढचे दहा दिवस त्याच एका गोष्टीच्या मागे लागले.

लग्नाच्या विचारानं आमच्या दोन भेटी झाल्या होत्या, एक दादरला आणि एक ठाण्याला, दोन्ही कॉफीवर. तो नेरळला राहतो, मी बदलापूर पूर्वेला आईबरोबर. मी छत्तीस वर्षांची, तो एकोणचाळीसचा. तिसऱ्यांदा भेटायचं तर मला ते बारमध्येच हवं होतं, आणि त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी माझा साखरपुडा झाला होता. ऑफिसातल्या एका निरोप समारंभात माझ्या हातात बिअरचा ग्लास असलेला फोटो त्या घरापर्यंत गेला आणि लग्न मोडलं. तो मुलगा स्वतः दर शनिवारी प्यायचा, त्याचे मित्र, वडील, सगळे प्यायचे. मला महिन्यातून एखाद्या वेळी बिअर प्यायला आवडते, एवढंच माझं म्हणणं होतं. तेव्हापासून मी ठरवलं होतं की ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं त्याच्यासमोर बसून प्यायचं, आणि तो आपल्याशी, वेटरशी, दुसऱ्या ग्लासानंतर कसा वागतो ते बघायचं. त्यानंही मला बघावं.

पण ते दादरला करणं सोपं होतं. बदलापुरात अवघड. 2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतर कात्रपपासून बेलवलीपर्यंत इमारतीच इमारती उठल्या. तरी स्टेशनवरून घरी येताना मला चारजण तरी हाक मारतात. इथे बाईनं बारची पायरी चढणं म्हणजे ते घरी कळणारच, हे धरून चालायचं. त्यात 'बार' हा शब्दच आमच्या पिढीच्या आयांसाठी नासलेला आहे. 2005 साली सरकारनं डान्सबारवर बंदी आणली, 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली, ती सगळी वर्षं बातम्यांत 'बार' आणि 'बाई' हे दोन शब्द एकाच अर्थानं जवळ आले. आईला मी आधी नुसतं "हॉटेलात जेवायला जाणार" असं सांगितलं. ते मला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी चहा घेताना पूर्ण सांगितलं. ती काही बोलली नाही, भाजी निवडत राहिली.

पहिला गोंधळ तारखेचा. त्याला 17 जुलै 2024, बुधवार, सोयीचा होता. तो बँकेत आहे आणि त्या दिवशी मोहरमची सुट्टी होती. पण त्याच दिवशी आषाढी एकादशी. राज्यात ड्राय डे, आणि आमच्या घरी आईचा उपास. पुढचा शनिवार त्याला जमेना. 3 ऑगस्टचा शनिवार म्हणजे गटारीची आदली संध्याकाळ, कारण 4 ऑगस्टला अमावास्या आणि सोमवारपासून श्रावण. त्या दोन दिवसांत कुठल्याही परमिट रूममध्ये बाईमाणसानं शांतपणे बसण्याची गोष्टच नको. म्हणून 27 जुलै ठरला.

मग जागा. माझी एक मैत्रीण पश्चिमेला राहते, लग्न झालेलं आहे, तिच्या नवऱ्यालाही हे सगळं माहीत होतं. तिला घेऊन मी तीन संध्याकाळी आणि एक रविवार दुपार फिरले. आम्ही फक्त बघायला गेलो नाही, प्रत्येक ठिकाणी बसून काहीतरी खाल्लं. बसल्याशिवाय जागा कळत नाही.

स्टेशनजवळचा पहिला बार. काचांना काळी फिल्म, खाली परमिट रूम, वर 'फॅमिली रूम' अशी पाटी. बदलापुरातल्या लोकांनी ही पाटी शंभरदा वाचली असेल. वर गेलो तर प्लायवूडच्या केबिनी, प्रत्येकीला मळकट पडदा. मला तो पडदा फार लागला. ज्या दोघांना लपायचं आहे त्यांच्यासाठीच ती सोय होती आणि तिथे बसलेल्या प्रत्येक बाईबद्दल तो पडदाच काहीतरी बोलत होता. वेटर पाणी ठेवून गेला आणि जाताना त्यानं पडदा ओढला, आम्ही न सांगता. मैत्रिणीनं उठून तो परत बाजूला केला. टॉयलेट एकच, सगळ्यांसाठी, खालच्या जिन्याशी. कडी तुटलेली, आत दिवा नाही. मसाला पापड अर्धा टाकून आम्ही उठलो.

इथेच मला माझी पहिली कसोटी मिळाली. पुढे प्रत्येक ठिकाणी गेल्या गेल्या मी आधी टॉयलेट बघायला लागले. बाईनं बिअर प्यायची म्हणजे तिला दोनदा तरी उठावं लागणार. वेगळं टॉयलेट, आतून लागणारी कडी, चालू दिवा, आणि तिथपर्यंत जाताना पिणाऱ्यांच्या टेबलांमधून वाट काढावी लागू नये. मेनू कार्ड कितीही चकचकीत असलं तरी ज्या हॉटेलनं एवढा विचार केलेला नाही तिथे बाई गिऱ्हाईक म्हणून धरलेलीच नसते.

दुसरी जागा मला मनापासून आवडली होती. बारवी धरणाच्या रस्त्यावरचं गार्डन रेस्टॉरंट. गवताची छपरं, पिवळे दिवे, शेजारच्या टेबलावर कुणा लहान मुलीचा वाढदिवस, टॉयलेट स्वच्छ, कोंबडी झणझणीत. तिथे बाई बसलीय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पण परतीच्या वेळी मुसळधार पावसात आम्ही पाऊण तास रिक्षाची वाट बघत उभ्या राहिलो. बहुतेक लोक तिथे स्वतःच्या गाडीनं येतात आणि पिऊन स्वतःच चालवत जातात, हे डोळ्यांनी बघितलं. मोटार वाहन कायद्यातल्या 185 कलमाप्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचं सोडाच, त्या काळोख्या ओल्या रस्त्यावर मला कुणाच्याच मागे बसून यायचं नव्हतं. चालत किंवा स्टँडवरच्या रिक्षानं घरी आणि स्टेशनला पोचता आलं पाहिजे, ही दुसरी कसोटी.

तिसरं ठिकाण हायवेच्या बाजूला, गच्चीवरचं नवीन लाउंज. तिथे दोन वाक्यं बोलायची तर ओरडावं लागत होतं. दहा मिनिटांत खाली उतरलो.

चौथी जागा मैत्रिणीच्या नवऱ्यानं सुचवली. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, जुनं शेट्टी हॉटेल, 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'. खाली परमिट रूम, पण वरच्या हॉलचा जिना वेगळा, सरळ रस्त्यावरून. पडदे नाहीत. रस्त्याकडे मोठी खिडकी, तिची काच साधी, आरपार दिसणारी. मैत्रीण म्हणाली, "अगं, इथे तर सगळ्यांना दिसशील." मी थोडा वेळ त्या खिडकीकडे बघत बसले. केबिनमधल्या पडद्यामागे मला जे वाटलं होतं त्याच्या बरोबर उलटं इथे वाटत होतं. दिसलं तर दिसू दे. दोन माणसं टेबलावर समोरासमोर बसून जेवताहेत, समोर ग्लास आहेत, एवढंच दिसणार.

रविवारी दुपारी आम्ही तिथे बांगडा फ्राय, नीर डोसे आणि गस्सी खाल्ली. एका कोपऱ्यात आजीसकट सहाजणांचं कुटुंब जेवत होतं, दुसरीकडे दोन मध्यमवयीन बायका एकेक पाइंट घेऊन बसल्या होत्या. त्या बायकांना बघून मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्याकडे बघून हसले आणि त्याही हसल्या. टॉयलेट वेगळं, दिवा चालू. कडी मी स्वतः लावून बघितली.

कॅप्टन पन्नाशीपुढचे असावेत. त्यांना मी सरळ विचारलं, की शनिवारी पाहुण्यांना घेऊन यायचंय, आम्ही बिअर घेणार, खिडकीजवळचं टेबल मिळेल का. पाहुणे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "ताई, सात वाजता या. आठनंतर खालची गर्दी वर चढते. आणि पुढच्या शनिवारी मात्र नका येऊ, गटारी आहे." ज्या हॉटेलातला माणूस आपल्या गिऱ्हाइकाला कधी येऊ नये हे सांगतो, तिथे मी निर्धास्त जाते.

आणखी एक गोष्ट मला मोकळी करून घ्यायची होती. परवाना. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना लागतो. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आलं. तेव्हा एका दिवसाचा पाच रुपयांना होता, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. वयाची अट बिअर आणि वाइनला 21, कडक दारूला 25. बारमध्ये सहसा कुणी विचारत नाही, पुरुषांना तर नाहीच. पण बोट दाखवायची वेळ आली की ते बाईकडे आधी वळतं, हे मी एकदा भोगलं आहे. म्हणून मी वर्षाचा परवाना काढला आणि पर्समध्ये ठेवला. तो कागद जवळ असल्यानं माझी पाठ सरळ राहिली.

25 तारखेला, गुरुवारी, उल्हास नदीला पाणी चढलं आणि माझा जीव खाली-वर होऊ लागला. 27 जुलै ही तारीख इथल्या माणसाला पावसाळ्यात विसरता येत नाही. 2019 साली त्याच दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं. त्याला परत नेरळला त्याच रुळांवरून जायचं होतं. मी त्याला फोन करून म्हटलं, पाऊस वाढला तर येऊ नका, आपण पुढे ढकलू. तो म्हणाला, "दुपारी चारला बघू, तुम्ही म्हणाल तसं." शनिवारी चारला गाड्या चालू होत्या.

सातला आम्ही खिडकीशी बसलो. वेटरनं मेनू कार्ड त्याच्यासमोर ठेवलं, तसं त्यानं ते उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "जागा यांची आहे, ह्या सांगतील." मी दोन पाइंट, मसाला शेंगदाणे आणि बोंबील सांगितले. मग मी त्याला सगळं सांगितलं. मोडलेला साखरपुडा, तो फोटो, चार जागा, पडदा, कडी. तो मधे एकदाही बोलला नाही. शेवटी त्यानं विचारलं, "कडी तुटलेली असली तर तुम्ही काय करता?" मी म्हटलं, मैत्रीण बाहेर उभी राहते, मैत्रीण नसेल तर पाणीच पीत नाही. तो बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिला. म्हणाला, "मी वीस वर्षं अशा ठिकाणी बसतोय. माझ्या हे कधी मनातच आलं नाही."

आठच्या सुमाराला जिन्यावरून आमच्या इमारतीतले काका वर आले, मागे काकू आणि नातू. माझा हात ग्लासावर होता. सहा वर्षांपूर्वीची मी असते तर तो ग्लास टेबलाखाली गेला असता. मी हात तसाच ठेवला आणि म्हटलं, "काका, या. बांगडा छान आहे आज." काकांनी ग्लास बघितला, त्याला बघितलं. काकू पुढे होऊन म्हणाल्या, "आईला आणलं नाहीस का गं?" आणि ते पलीकडच्या टेबलावर बसले. एवढंच झालं. माझ्या हाताला घाम आला होता, तो मी रुमालाला पुसला. त्यानं ते पाहिलं आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मग आणखी एक पाइंट आम्ही अर्धा अर्धा घेतला. दुसऱ्या ग्लासानंतरही तो वेटरला "अहो" म्हणत होता, हे मी मनात नोंदवलं. बिलं दोन आली, जेवणाचं जीएसटी लावून वेगळं आणि बिअरचं 10 टक्के व्हॅट लावून वेगळं. जेवणाचं त्यानं दिलं, बिअरचं मी. तसंच हवं होतं मला. साडेनऊला मी त्याला स्टेशनवर सोडलं, तो कर्जत लोकलमध्ये चढला आणि मी रिक्षानं घरी आले. आई जागीच होती. काकूंचा तिला फोन येऊन गेला होता. तिनं मला जेवलीस का विचारलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग उशिरापर्यंत मी बोलत होते आणि ती ऐकत होती.

पुढची भेट नेरळला, जागा त्यानं शोधायची असं ठरलं आहे. परवा त्याचा मेसेज आला : "दोन ठिकाणं बघितली. बरोबर बहिणीला नेलं होतं. पहिल्या ठिकाणी कडी नाही, ते सोडलं. दुसऱ्या ठिकाणी टॉयलेट वेगळं आहे, कडी नीट लागते, दिवा आहे, रिक्षा स्टँड समोर. खिडकी मात्र नाही. चालेल का तुला?"

'तुला' पहिल्यांदाच आलं होतं. मी लिहिलं, चालेल.