आखाजीच्या गाण्यांना नावे देताना

पारोळा तालुक्यातील आमच्या गावी आजी, मावशी आणि गल्लीतल्या बायांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटलेली अहिराणी गाणी मी माझ्या आणि मावशीच्या फोनवर ध्वनिमुद्रित केली होती. ती संगणकावर उतरवली, तेव्हा एकूण १८६ फायली झाल्या. माझ्या फोनने त्यांना ‘रेकॉर्डिंग ७’ अशी, तर मावशीच्या फोनने ‘व्हॉइस ००७’ अशी नावे दिली होती. यादीत १ नंतर १० आणि मग २ येत असे, कारण तिथे नावांची तुलना आकड्यांनी नव्हे, तर एकेका अक्षराने होते. एवढी नावे हाताने बदलणे शक्य होते, पण गाण्यांचा क्रम चुकला असता आणि तो क्रमच मला जपायचा होता.

म्हणून बॅश या शेलमध्ये, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पाच ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लिहिली. ‘फॉर’ लूप एकेक एमपी३ फाईल हातात घेतो. नावातील शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंतचा भाग दोन हॅश चिन्हांनी गळतो, शेपटीचे एमपी३ टक्क्याच्या चिन्हाने गळते, आणि उरलेला क्रमांक ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा तीन आकडी (७ चा ००७) करून देते. फाईलचे नाव धरणारे चल (व्हेरिएबल) दुहेरी अवतरणात ठेवणे येथे अत्यावश्यक आहे. अवतरण नसेल, तर मोकळ्या जागेपाशी नावाचे दोन तुकडे होतात आणि शेल दोन वेगळ्या फायली शोधू लागते.

खरी चूक माझ्याकडून पुढे झाली. दोन्ही फोनांतील सातव्या गाण्याला ‘आखाजी_००७’ हे एकच नाव मिळाले. ‘एमव्ही’ ही फाईलचे नाव बदलणारी आज्ञा त्या नावाची फाईल आधीच असली, तरी सहसा काहीही न विचारता तिच्या जागी नवी ठेवते. अशी कितीतरी गाणी पुसली गेली. फोनमध्ये मूळ प्रती होत्या, म्हणूनच ती परत मिळाली. नाहीतर आजीचा तो आवाज मी कुठून आणला असता?

मावशीच्या फायलींनी आणखी एक गोष्ट शिकवली. शून्याने सुरू होणारा आकडा बॅश अष्टमान पद्धतीचा, म्हणजे ८ आणि ९ हे अंकच नसलेल्या आठच्या पायाच्या मोजणीतला, समजते. त्यामुळे ००८ आणि ००९ वर ती तक्रार करते, पण ०१० चे मुकाट्याने ००८ करते, आणि हा दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो. क्रमांकाच्या आधी दहा आणि हॅश लिहून हिशेब केला की तो आकडा दशमानच धरला जातो.

आता मी ‘एमव्ही’च्या आधी ‘इको’ लिहून स्क्रिप्ट एकदा चालवतो. त्याने काहीही बदलत नाही, फक्त कोणत्या फाईलचे कोणते नाव होणार हे पडद्यावर उमटते. ती यादी मी सावकाश वाचतो, मग ‘इको’ काढून ‘एमव्ही’ला ‘उणे एन’ हा पर्याय जोडतो, म्हणजे असलेली फाईल पुसली जात नाही. नावात फोनाचे आद्याक्षरही घातले आहे.

गाण्याची पहिली ओळ पूर्ण नावात घालावी, असे मनात होते. मात्र लिनक्सच्या ईएक्सटी४ फाईल प्रणालीत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट घेते; ‘आखाजी’ या शब्दालाच १५ बाइट लागतात. तेव्हा नावात पहिले दोन-तीन शब्द ठेवले आणि संपूर्ण ओळ, गाणारीच्या नावासह, त्याच फोल्डरमधील एका साध्या मजकूर फाईलमध्ये लिहिली. श्रावणात कानबाई या खानदेशातील देवीच्या जागरणाची गाणी येतील, त्यांच्यासाठी स्क्रिप्टमध्ये फक्त आरंभीचा शब्द बदलावा लागेल.